पहिल्यांदा उत्खननाला जाताय? मग हे वाचून जा

"काय मग, सोनं लागलं का?" हा प्रश्न कॅम्पवर रोज दोन-तीनदा तरी कानावर येणार, टेकाडाजवळनं जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला थांबून हेच विचारतो. माझ्या पहिल्या सीझनला पाच आठवड्यांत मला काय लागलं, तर खापरं, हाडांचे तुकडे, राख, अजून खापरं आणि एक घूस, जी माझ्या ट्रेंचमध्ये (म्हणजे खोदायला आखून घेतलेल्या चौकोनी खड्ड्यात) आमच्याही आधीपासून उत्खनन करत होती. आता एमए होऊन चार सीझन झालेत आणि दर दिवाळीनंतर ज्युनियर पोरापोरींचे तेच तेच फोन येतात, काय आणू, काय वाचू, खोदायचं कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हे दख्खनच्या नदीकाठच्या टेकाडांवर जसं काम चालतं तसं लिहिलंय, कोकणात किंवा गुजरातेत थोडं वेगळं पडेल.

१. आधी परवानगी, मग कुदळ

गावाजवळ टेकाड दिसलं, मित्र जमवले आणि रविवारी खणायला गेलो, असं करायचं नाही. उत्खननाची परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावी लागते आणि ती विद्यापीठं, संशोधन संस्था, राज्याचा पुरातत्त्व विभाग अशांना मिळते, हौस म्हणून कुणाला मिळत नाही. १९५८ चा स्मारकांचा कायदा त्यासाठीच आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदाही अजून लागू आहे, त्यात जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. हो, दहा रुपये, इंग्रजांच्या काळातला आकडा अजून तसाच आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंच्या विक्रीवर आणि परदेशात नेण्यावर १९७२ चा कायदा आहे. म्हणजे "एक छोटं नाणं तर आहे, आठवण म्हणून ठेवतो" हे डोक्यातनं काढून टाका. कॅम्पवर कुणी असं केलं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात आणि ते बरोबरच आहे.

तुम्हाला शिरायचं असेल तर सरळ रस्ता म्हणजे ज्या संस्था खोदतात त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर जाणं. पुण्याचं डेक्कन कॉलेज हे आपल्याकडचं यातलं जुनं घर, आणि बाकीही काही विद्यापीठांत प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्वाचे विभाग आहेत. बाहेरच्यांना घ्यायचं की नाही हे उत्खननाच्या डायरेक्टरवर असतं, त्यामुळे सप्टेंबरपासूनच विचारायला लागा, सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, नंतर ऊन सहन होत नाही.

बरोबर लागणारे कागद: कॉलेजचं पत्र, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, घरच्या एका माणसाचा नंबर लिहिलेला कागद. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या, गंजलेला खिळा पायात गेल्यावर तालुक्याच्या गावी पळत जाण्यापेक्षा ते सोपं आहे.

२. बॅगेत काय टाकायचं

जाड तळव्याचे बूट (पांढरे नकोत, मी नेले होते, तिसऱ्या दिवशी त्यांचा रंग टेकाडाचाच झाला), पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, टोपी किंवा ओढणी, पहाटेसाठी स्वेटर, टॉर्च, पाण्याची मोठी बाटली, पाच मीटरचा टेप, पेन्सिली भरपूर, खोडरबर, आलेखाच्या कागदांची वही, एक जाड रोजनिशी, दोन-तीन साइझचे ब्रश, छोटा ट्रॉवेल. ट्रॉवेल गवंड्याच्या थापीसारखाच पण लहान आणि टोकदार, हार्डवेअरच्या दुकानात "छोटी थापी" म्हणून मागा. नाही मिळाला तर खुरपं चालतं, खरं सांगायचं तर आमच्याकडचे मजूर खुरप्यानंच आपल्यापेक्षा सफाईदार काम करतात. मुलींनी टॉयलेटची व्यवस्था काय आहे हे निघायच्या आधीच स्पष्ट विचारा, लाजू नका, मी नाही विचारलं आणि पहिला आठवडा पाणीच कमी पिऊन काढला, मग व्हायचं तेच झालं.

कुदळ, टिकाव, फावडी, घमेली, चाळण्या, ओळंबे, डम्पी लेव्हल किंवा टोटल स्टेशन (उंची-अंतर मोजायची यंत्रं) हे सगळं कॅम्पचं असतं.

३. साइट सापडते कशी

लोकांना वाटतं सॅटेलाइटवरनं कळतं. कळतं, थोडंफार. पण मूळ काम पायांचं आहे. आधी सर्व्हे ऑफ इंडियाचा एकास पन्नास हजारचा नकाशा घ्यायचा, नदी-ओढे बघायचे, दोन ओढे मिळतात ती जागा, नदीच्या वळणावरचा उंच काठ, अशा खुणा करायच्या, मग गूगल अर्थवर तीच ठिकाणं बघायची आणि मग चालत सुटायचं. सुगी झाल्यावर, नांगरट झालेली असताना जा, उभ्या उसात देवालाही खापर दिसणार नाही. पाऊस पडून गेल्यावर तर अजून चांगलं, खापरं धुऊन वर आलेली असतात.

आणि भाषेकडे लक्ष द्या, हे कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी, काळी म्हणजे पिकाची आणि पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साठत जाते आणि तिथली जमीन भुरकट पांढरी होते. त्यामुळे गावात जाऊन "इथे पुरातत्त्वीय स्थळ आहे का" असं विचाराल तर लोक देवळाकडे बोट दाखवतील, पण "इथं जुनी पांढर कुठाय? पांढरीचं टेकाड?" असं विचारा, लगेच कुणीतरी म्हातारं उठून बरोबर येईल. धाब्याच्या घरांवर घालायला लोक हीच माती खणून न्यायचे, काही ठिकाणी अजून नेतात, त्यामुळे टेकाडाला एका बाजूनं चावा घेतल्यासारखा कडा पडलेला असतो आणि त्या कड्यात थर आयते दिसतात. विहिरीची कड, कॅनॉलचा काठ, नदीनं कापलेली दरड हेही असंच फुकटचं दर्शन. मेंढपाळांना नक्की विचारा, त्यांच्याइतकं त्या माळावर कुणीच हिंडत नाही. कोकणातल्या सड्यावरची कातळशिल्पं बघा ना, आजूबाजूच्या कितीतरी गावकऱ्यांना ती आधीपासून माहीत होती, शोधणारे नंतर त्यांना विचारत विचारत पोचले.

साइट मिळाली की नोंद: जीपीएस, टेकाडाची लांबी-रुंदी-उंची अंदाजे, खापरं कुठे दाट कुठे विरळ, किती भाग नांगरला गेलाय. नमुन्याला थोडीच खापरं उचला, त्यातही काठाची आणि नक्षीची. पोतं भरून आणू नका, पुढच्या माणसाला पृष्ठभागावर काहीच दिसणार नाही.

४. "काय" पेक्षा "कुठं" मोठं

ही गोष्ट मला उशिरा कळली म्हणून इथं जरा थांबते. दायमाबादचं उदाहरण घ्या, प्रवरेच्या काठावरचं, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. १९७४ मध्ये तिथे एका गावकऱ्याला जमिनीत चार धातूच्या वस्तू सापडल्या, बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा, सगळं मिळून साठ किलोच्या वर. देशात तोडीस तोड क्वचित सापडेल असा ऐवज! पण त्या नेमक्या कुठल्या थरात होत्या, आजूबाजूला काय होतं, हे बघायला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. नंतर १९७५ ते १९७९ असं व्यवस्थित उत्खनन झालं, तरी त्या वस्तूंचा काळ कोणता यावर अभ्यासकांत वाद आहेच, कुणी त्या उत्तर हडप्पा (सिंधू संस्कृतीच्या उतरत्या) काळाच्या म्हणतं, तर कुणी धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण दाखवून शंका काढतं. याउलट माझ्या ट्रेंचमधलं एक फालतू दिसणारं मडक्याचं बूड, वरून चौथा थर, चुलीच्या शेजारी, राखेत पालथं, हे त्या घरात काय चाललं होतं ते सांगून जातं. म्हणून कुणी वस्तू हातात घेऊन ओरडत आला तर पहिला प्रश्न "कुठून काढलीस?" हाच, आणि नियम असा की वस्तू दिसली की उचलायचीच नाही, जागेवर ठेवून सुपरवायझरला हाक मारायची.

५. ट्रेंच टाकणं

टेकाडावर आधी काल्पनिक चौकटी आखतात, आपल्याकडे ही पद्धत मुरवली मॉर्टिमर व्हीलरनं, १९४४ ते १९४८ तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक होता आणि तक्षशिलेला त्यानं कॅम्प लावून इथल्या तरुणांना शिकवलं. एक चौकोन पाच बाय पाच किंवा दहा बाय दहा मीटरचा, दोन चौकोनांच्या मध्ये न खोदलेली मातीची भिंत सोडायची, तिला बाल्क म्हणतात. काटकोन आखायला तीन-चार-पाचचा त्रिकोण, शाळेतला पायथागोरस इथे पहिल्यांदा कामाला येतो. खुंट्या, सुतळी, कोपऱ्यांना नंबर.

ट्रॅप नंबर एक: बाल्कच्या कडेवर उभं राहणं किंवा पाय सोडून बसणं. कड ढासळते, सेक्शन (ट्रेंचच्या उभ्या भिंतीत दिसणारे थर) जातो आणि खाली कुणी बसलं असेल तर त्याच्या डोक्यावर माती. नवीन पोरांना सगळ्यात जास्त शिव्या यावरून बसतात.

ट्रॅप नंबर दोन: खोली कुठून मोजायची. टेकाड उतरतं असतं, त्यामुळे "वरनं साठ सेंटिमीटर" याला ट्रेंचच्या एका कोपऱ्यात एक अर्थ आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा. एक पक्का बिंदू ठरलेला असतो, डेटम, सगळी खोली त्यापासनं. पहिल्याच दिवशी तो कुठाय ते विचारून घ्या.

किती खोदायचं हे प्रश्नावर असतं. गावात कोण कोणत्या काळात राहिलं एवढंच बघायचं असेल तर छोटी जागा खोल नेतात. गाव कसं होतं, घरं कशी लागून होती हे बघायचं असेल तर आडवं पसरावं लागतं आणि त्याला वर्षं लागतात. शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव १९६८ पासून १९८३ पर्यंत सीझन-सीझननं खोदलं, म्हणून तर तिथे शंभराहून जास्त घरं उजेडात आली.

६. आता खोदा, पण कानानं

कुदळ वरचा थर काढण्यापुरती. नंतर खुरपं, ट्रॉवेल, ब्रश. माती बघायची, चोळायची, तिचा आवाज ऐकायचा. माझ्या ट्रेंचवर गावातले एक मामा कामाला होते, अनेक सीझन केलेले, ते खुरपं मारता मारता थांबायचे आणि म्हणायचे, "ताई, इथं पोकळ वाजतंय." मला काही वेगळं ऐकू यायचं नाही. पण तिथे खड्डा निघायचाच. रंग ओळखायला हातातल्या फवारणी पंपानं पाण्याचा बारीक फवारा मारतात, ओल्या मातीत रंग उठून दिसतात, मग खड्ड्याची गोल कड, खांबाच्या भोकाचं काळपट वर्तुळ, भिंतीचा पट्टा असं दिसायला लागतं.

क्रम लक्षात ठेवा, जे शेवटी घडलं ते आधी काढायचं. म्हणजे दुसऱ्या थरातून कुणी तिसऱ्या-चौथ्या थरात खड्डा खणला असेल तर आधी तो खड्डा रिकामा करायचा, त्याची माती वेगळ्या पिशवीत, मगच तिसरा थर. हे चुकलं की सातवाहन काळच्या थरात बहमनी काळातली रंगीबेरंगी काचेची बांगडी निघते आणि संध्याकाळी सगळे तुमच्याकडे बघतात.

माझी चूक सांगते. दुसऱ्या आठवड्यात चोपलेली जमीन लागली, पातळ पिवळसर थर, वरून चुन्याचा हात दिल्यासारखा. मला वाटलं नुसती कडक माती आहे आणि मी जोर लावून ती खरवडली, हात-दीड हात जागा. मामा पाणी पिऊन आले आणि गप्प उभे राहिले. ते घराचं जमीनतळ होतं, कुणीतरी तीन हजार वर्षांपूर्वी चोपून चोपून केलेलं, आणि मी वीस मिनिटांत उडवलं. परत लावता येत नाही. सर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, डायरीत लिही, कुठला भाग तू काढलास ते नकाशावर दाखव. ते जास्त लागलं.

आपल्या मातीचे दोन खास फटके. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा, आणि वरची वस्तू त्यातून सरळ खाली जाते. आणि उंदीर-घुशींची बिळं, मातीत मऊ, गोलसर, वेगळ्या रंगाचा पट्टा दिसला की संशय घ्या, त्यातलं खापर वेगळं ठेवा.

आणि घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी दिसली तर हात थांबवा. जोर्वे काळात (दख्खनमधल्या साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांच्या काळात) लहान मुलांना असं पुरायचे. हाडं फार नाजूक असतात, आणि मूल आहे ते कुणाचं तरी, सेल्फी-बिल्फी नको.

७. लिहा, लिहा, लिहा

खोदणं म्हणजे साइट संपवणं आहे, उरतं ते फक्त तुमचं लिखाण. प्रत्येक पिशवीत आत एक टॅग आणि बाहेर एक, पेन्सिलनं, कारण पेनची शाई ओलाव्यानं पसरते. टॅगवर साइटचा शॉर्ट कोड, वर्ष, ट्रेंच नंबर, लेयर नंबर, खोली, तारीख, तुमची सही. "नंतर लिहिते" म्हणालात की संपलं. एकदा दुपारी वावटळ आली आणि माझे दोन सुटे टॅग उडाले, दोन पिशव्या, कुठली कुठल्या थराची सांगता येईना, दोन्ही थर-अज्ञात म्हणून बाजूला पडल्या. दोन दिवसांची मेहनत.

फोटोला स्केल (मापाची पट्टी) आणि उत्तर दिशेचा बाण हवाच, जागा ब्रशनं झाडून घ्या, घमेली-चपला-चहाचे कप बाजूला करा. सकाळी लवकर किंवा सावली धरून काढा, भर दुपारच्या उन्हात सेक्शन सपाट दिसतो.

सेक्शन ड्रॉइंग करताना सीनियर म्हणतात म्हणून रेघ ओढू नका. दिसत नसेल तर "दिसत नाही" असं म्हणा, तुटक रेघ काढा. रात्री जेवायच्या आधी डायरी, आणि त्यात काय दिसलं आणि तुम्हाला काय वाटलं हे वेगळं लिहा. "राखेचा गोल पट्टा, आत तीन दगड" हे दिसलेलं. "चूल असावी" हे वाटलेलं. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला वेगळं वाटू शकतं, तर दिसलेलं तरी शाबूत राहावं.

८. खापरं धुणं, म्हणजे अर्धा कॅम्प

नवी पोरं पॉटरी यार्डाला, म्हणजे खापरं धुऊन निवडायच्या जागेला, शिक्षा समजतात. मीही समजत होते. पण शिकले ती इथेच, भर उन्हात घमेल्यात पाणी घेऊन खापरं धुताना. मऊ ब्रश वापरा, कच्च्या भाजणीचं खापर पाण्यात विरघळतं म्हणून आधी एक तुकडा बुडवून बघा, आतून जळका थर चिकटलेला असेल तर धुऊच नका, त्यातून काय शिजायचं ते कळू शकतं. एका वेळी एकाच टॅगची पिशवी, आणि वाळत घालताना टॅग त्या ढिगाबरोबरच, वर दगड ठेवून (वावटळ आठवा).

मग निवडणं. काठ, तोटी, बूड, नक्षीचे तुकडे एकीकडे, पोटाचे साधे तुकडे मोजून एकीकडे. जोर्वेचं खापर एकदा हातात घेतलंत की विसरत नाही, लाल अंग, त्यावर काळ्या रंगात रेघांची नक्षी, आणि दुसऱ्या खापरावर वाजवलं तर टण्ण असा धातूसारखा आवाज. सातवाहनांच्या थरात काळी-लाल भांडी भरपूर, आणि बहमनी काळात आलं की रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे. आठवडाभर धुतलंत की टेकाडावर चालता चालता पायाखालच्या तुकड्यावरनं काळ सांगायला लागाल, चुकाल पण सांगाल.

मातीही टाकायची नसते. चुलीतली, खड्ड्यातली माती पाण्यात ढवळली की जळलेले दाणे वर तरंगतात, ते गाळून घेतात. इनामगावचे लोक जव खायचे, डाळी-कडधान्यं खायचे, हे अशाच दाण्यांवरनं कळलं.

९. काळ आणि अर्थ

थरावरनं कळतं ते आधीचं-नंतरचं. नाणं मिळालं तर तो थर त्या नाण्याच्या आधीचा नाही एवढंच सिद्ध होतं, नाणी शंभर वर्षंही वापरात राहतात. वर्षात उत्तर हवं तर कोळसा. कार्बन १४ ची पद्धत विलार्ड लिबी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९४९ च्या सुमारास आणली, कोळशातला हा कार्बन ५७३० वर्षांत निम्मा होतो आणि साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्यासारखं काही उरत नाही. तुमचं काम एवढंच की कोळसा हातानं उचलायचा नाही, स्वच्छ चिमटा किंवा ट्रॉवेलचं टोक, लगेच फॉइलमध्ये, शेजारी विडी ओढणारं कुणी नको. आणि सागाच्या जुन्या वाशाचा कोळसा निघाला तर तारीख झाड वाढलं त्या काळाची येते, घर पेटलं त्या काळाची नाही, म्हणून एखादा जळका दाणा मिळाला तर तो सोन्यासारखा.

अर्थ लावताना घाई नको. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले दिसतात, ही नोंद पक्की. मेलेल्यानं उठून परत जाऊ नये म्हणून, असं म्हणतात, हा तर्क आहे, चांगला तर्क आहे, पण तर्क. तिथे पाच खोल्यांचं मोठं घर आणि शेजारी धान्याचं कोठार मिळालं म्हणून ते गावच्या प्रमुखाचं मानतात. शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, तर इनामगाव खोदणाऱ्यांपैकी म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध पाऊस कमी होण्याशी जोडला, सगळ्यांना ते पटलेलं नाही. हे वाचाच, एकाच पुराव्यावर माणसं कशी भांडतात ते कळतं. आणि काही कळलं नाही की "धार्मिक विधी" असं लिहून मोकळं व्हायची सवय आपल्या क्षेत्रात फार आहे, ती लावून घेऊ नका.

१०. जाताना

शेवटच्या दोन दिवसांत ट्रेंच बुजवतात. तळाशी प्लास्टिक अंथरतात, म्हणजे पुढे कुणी खोदलं तर कुठपर्यंत आधी झालंय ते कळेल, आणि त्यावर चालू वर्षाचं एखादं नाणं टाकतात. आम्ही पाच रुपयांचं टाकलं. मामा हसायला लागले, म्हणाले, "सोनं काढायला आला होता, अन् पैसं पुरून चालला की."

शेत कुणाचं तरी असतं हे विसरू नका. वरची सुपीक माती पहिल्या दिवशीच वेगळ्या ढिगावर ठेवायची आणि बुजवताना सगळ्यात शेवटी तीच वर पसरायची, उलट झालं तर दुसऱ्या वर्षी तिथे काही पिकत नाही आणि तो शेतकरी परत कुणालाच आत येऊ देत नाही. खुंट्या, खिळे, सुतळी मोजून उचला, नांगराला लागतात.